आमचे हे आणि कोपरीचे उंदीर

प्लेगाच्या त्या साथीत साऱ्या ठाण्यातले लोक गंधक जाळून उंदरांना घराबाहेर काढत होते. आमचे हे तेवढे त्यांना टोपलीत घालून घरी आणत होते.

हरिहरपंत त्यांचं नाव. आता मी म्हातारी झाले, नाव घेतलं तरी कोण हसणार? ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात हे हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे गोऱ्या डॉक्टरच्या हाताखालचे डॉक्टर होते. दवाखाना रोग्यांनी भरून गेला, म्हणून सूक्ष्मदर्शक यंत्र आमच्या मागच्या पडवीत येऊन बसलं. जिथे मी लोणच्याच्या बरण्या ठेवायची, तिथे मेलेले उंदीर! सोवळं-ओवळं तर चुलीतच गेलं. मी रोज कपाळ बडवून घ्यायची, आणि हे म्हणायचे, "अगं, बाजूला हो, उजेड अडतोय."

कारण मात्र खरं होतं. कोपरीच्या मिठागरांच्या बांधांवर रानउंदीर पटापट मरू लागले होते. प्लेगाचे गोरे साहेब म्हणाले, उंदरांना प्लेग निघाला तर सगळी कोपरी रिकामी करायची, घरांची कौलं उतरवायची, माणसांना माजिवड्याच्या माळावरच्या झोपड्यांत न्यायचं. मीठ पिकायचे ऐन दिवस होते. तेव्हा माणूस हलला की वर्षाची भाकरी गेली. शनिवारी साहेब स्वतः निकाल करायला येणार होते.

ह्यांनी उंदीर चिरून पाहिले. प्लेगाचे जंतू नव्हते. कोपरीत कुणी माणूसही तापाने पडलं नव्हतं. मग तिथे थांबावं की नाही? छे! उंदीर मेले कशाने, हेच ह्यांच्या डोक्यात बसलं. माझ्या भावाने मुंबईहून पाणी गाळायचं एक विलायती भांडं पाठवलं होतं. त्यातली चिनीमातीची नळी ह्यांनी मला न विचारता उपटली आणि मेलेल्या उंदराचं रक्त पाण्यात कालवून तिच्यातून गाळलं. जंतू कितीही बारीक असला तरी ह्या नळीतून पार होत नाही, असं ह्यांचं म्हणणं. खाली उतरलेलं पाणी अगदी स्वच्छ. यंत्राखाली काही म्हणजे काही दिसेना. ते पाणी एका धडधाकट उंदराला टोचलं, तो मेला. त्याचं रक्त तसंच गाळून दुसऱ्याला टोचलं, तोही गेला.

"गोदा, ह्यात काहीतरी आहे! जंतूहून बारीक, कुणी कधी न पाहिलेलं!" लग्नात सुद्धा ह्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता.

"आणि पोरांनी पाणी कशातून प्यायचं?" मी ओरडले. हे पुन्हा यंत्राला डोळा लावून बसले.

आता साहेबांना दाखवायला ताजे उंदीर हवे होते. कोपरीची ठमाबाई आमच्याकडे मीठ आणायची. तिला ह्यांनी बजावलं, "बांधावर मेलेला उंदीर दिसला की घेऊन ये. पण नासता कामा नये." शनिवारी सकाळी ती पाटी घेऊन आली. उंदीर पोट चिरून, आतडी काढून, धुऊन, वरून मीठ चोळून ओळीने मांडलेले!

हे मटकन खाली बसले. "ठमाबाई, काय केलंस गं हे! मला आतलंच तर पाहायचं होतं!"

"तुमीच बोल्लाव ना, नासाचा नाय म्हनून?" ती ह्यांच्यावरच उखडली. "मीठ नाय लावला तं टिकंल कसा? आन् ती घान तुमच्या घरान कोन आनील?"

मासळी अशीच टिकवत तिचा जन्म गेलेला. ह्यांनी आधी नीट समजावून सांगायला नको? मी तेच म्हणत होते, तेवढ्यात दारात साहेबांचा घोडा थांबला.

मी दाराआड उभी राहिले. साहेबांनी यंत्राला डोळा लावून आधीच्या उंदरांच्या रक्ताच्या काचा पाहिल्या आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "प्लेग नाही. मग हे मेले कशाने?"

ह्यांचे डोळे चमकले. "साहेब, हा एक नवाच रोग आहे."

"नवा रोग?" साहेब ताठ झाले. "मग गाव आजच रिकामं करा. तपास मागून."

"पण माणसांना काही होत नाही, साहेब."

"खात्री देता?"

खात्री कुठून देणार? ठमाबाई पाटीशी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. हे तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नवा म्हणजे तसा नव्हे, साहेब. मिठागरातलं खारं खाऊन मरतात. ते पाहा, अंगावर अजून मीठ आहे."

साहेबांनी पाटीत डोकावून पाहिलं आणि हसतच सुटले. एवढ्याशा गोष्टीसाठी इतका वेळ घालवला म्हणून ह्यांना चार शब्द सुनावून ते निघून गेले. कोपरीचं एक कौलही हललं नाही.

ह्यांनी गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या त्याच दुपारी निखाऱ्यांवर ओतल्या. पुढे कुणी विचारलं की सांगायचे, खारं खाऊन मेले. लोक हसायचे, हेही हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "निदान माझ्यासमोर तरी खरं बोला!" मी म्हणायची.

"तू कुणाला तरी सांगशील," हे म्हणायचे, "आणि ती माणसं माळावर जातील."

हे जाईपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते आहे, तर ऐकायला हेच नाहीत.