फुलीखालचं अक्षर

आमच्या घरात कधी अंगारा आला नाही. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठा झालो, पुढे ती लिहूही लागलो. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतो आहे... पण जे डोळ्यांनी पाहिलं ते दडवणं मला जमत नाही.

साधारण २००७-०८ सालची गोष्ट. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. माझी थोरली बहीण, ताई, निफाडहून गाडीवर येताना अपघातात गेली. मला काहीच वाटत नव्हतं. शेवंती तोडायची होती, ती तोडली. दशक्रियेच्या आदल्या दिवशी लक्षात आलं – हार घालायला फोटोच नाही. ताई कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. होता तो शाळेतला, दोन वेण्यांचा. आई म्हणाली, हा नको, गेली ती माझी मोठी पोर होती.

ताईच्या मैत्रिणीने अलीकडेच एक फोटो काढून तिला ईमेल केला होता. मैत्रिणीकडचा उडाला होता. ताईच्या मोबाइलमध्ये ईमेलचं अ‍ॅप होतं, पण पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. मी आणि मामेभाऊ विकी दुपारभर अंदाज लावत बसलो. जन्मतारीख, गाव, मांजराचं नाव... सगळं चूक.

बटणांचा फोन तो. दाबलेलं अक्षर क्षणभर दिसायचं, मग त्याची फुली व्हायची.

"आत्या, ताईनं शिव्या घातल्यात वाटतं आम्हाला," विकी म्हणाला. "नुसत्या फुल्या हायेत."

कोणी हसलं नाही. आईने हात पुढे केला. "आण इकडं. फुलंच हायेत ना?"

आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. फुली आणि फूल तिला एकच वाटलं. ती अंगठ्याने एकच बटण दाबत राहिली – दोनचं. त्यावर ए, बी, सी आणि दोनचा आकडा, एवढंच. मी खांद्याला खांदा लावून बघत होतो. आधी एस आला, त्याची फुली झाली. मग एच. पुढचं मला वाचता आलं नाही.

"बास. संपली," आई म्हणाली. मी ओके दाबलं. उघडलं.

ताई बांधावर बसलेली, तोंड अर्धं फिरवून हसत. मी फोटो फोनमध्ये सेव्ह केला आणि संध्याकाळी स्टुडिओतून मोठा करून आणला.

नंतर अ‍ॅपने पुन्हा पासवर्ड मागितला. दोनचं बटण हर प्रकारे दाबून पाहिलं... चूक. दुकानात बटणं तपासली, ठणठणीत होती. शेवटी आईलाच म्हणालो, एकदा परत दाब.

"अजून काय पाहिजे तुला? फोटू घावला ना."

"कसं झालं ते कळायला नको?"

"मला नाय कळायचं. राहू दे तिचं तिच्यापाशी."

कारण मला आजही सापडलेलं नाही. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मीच पुरावा मागितला असता. माझ्याकडे दाखवायला फक्त भिंतीवरचा फोटो आहे, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यात ताई मोठी आहे, एवढंच.