अनीशच्या तारखा

जागृती ठवकर अमेरिकेत, रेडमंडमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आहे. इतरांच्या कामातल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळतो. तिचा धाकटा भाऊ अनीश मकोकाखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, पाच वर्षं नागपूरच्या तुरुंगात होता आणि खटला पुढे सरकत नव्हता.

"मकोकात जामीन सोपा नाही," वकील शीलाताई फोनवर म्हणाल्या. "तो निर्दोष असावा, असं कोर्टाला आधीच पटावं लागतं. आपल्या हातात एकच मुद्दा आहे, खटल्याला झालेला उशीर."

जागृतीने रजा टाकली. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर बसून तिने कोर्टाच्या वेबसाइटवरचे सगळे आदेश वाचले आणि तक्ता केला. ब्याण्णव तारखांपैकी चोपन्न वेळा पोलिसांनी अनीशला कोर्टात आणलंच नव्हतं. अकरा वेळा मात्र त्याच्याच आधीच्या वकिलाने मुदत मागितली होती.

"त्या अकरा डिलीट कर ना यार," नवरा राकेश भेंडी चिरता चिरता म्हणाला.

"सरकारी वकील शोधतीलच. मग माझ्या चोपन्नवर कोण विश्वास ठेवेल?"

"ऑफिसचं टेस्टिंग नाहीये हे. भाऊ आहे तुझा."

"म्हणूनच."

त्या अकरा तारखा तिने पहिल्याच पानावर घातल्या.

शीलाताईंनी तो तक्ता जामीन अर्जाला जोडला. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला, पण तक्ता अचूक असल्याचं आदेशात नोंदवलं. जागृतीने तो आदेश दोनदा वाचला आणि शीलाताईंना फोन लावला.

"ताई, आकडे तर कोर्टानेच मान्य केलेत. हायकोर्टात कधी जायचं?"