नागपंचमीचे अकरा पट्टे

चाकणच्या कंपनीत नवीन कामगारांना शिकवणं हे माझं काम. शिकवतो कसला, तमाशा करतो. इंजिनाच्या तोंडाशी एक लांब काळा रबरी पट्टा असतो, या पुलीवरून त्या पुलीवर वळसे घालत पळणारा. त्याला सर्पेंटाइन बेल्ट म्हणतात. तो गळ्यात घालूनच मी वर्गात शिरतो.

"सर्पेन्स! लॅटिनमध्ये सरपटणारा. म्हणजे आपला सर्पच की राव! आणि कोब्रा? तोही मूळचा लॅटिन, कोलुब्रा. पोर्तुगीजांनी बोटीतून आणला आणि आपल्याच नागाला चिकटवला. अँग्विस म्हणजे साप, अँग्विला म्हणजे छोटा साप, म्हणजे वाम मासा. त्याच्यासारखं वळवळत पोहणारा तो अँग्विलिफॉर्म!" मग मी पट्टा फुत्कारत पुढच्या बाकावर सोडतो. वर्ग खिदळतो.

एक जण हसला नव्हता. बीडचा, भोसरीत खोली घेऊन राहणारा, सहा वर्षं कंत्राटावर. नापास झालेले पट्टे कापून भंगारात टाकायचं काम त्याच्याकडे होतं; न कापलेला पट्टा चुकून पुन्हा गाडीवर चढू शकतो. त्या महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं, म्हणून नव्यांबरोबर माझ्या वर्गाला बसवला होता.

नागपंचमीला साहेब तपासणीला आले आणि भंगाराच्या पेटीत अकरा अख्खे पट्टे निघाले. मी नुकताच वर्ग संपवून येत होतो.

"कापले का नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"आज पंचमी, काही चिरत-कापत नसतेत, साहेब. घरी विळीला हात लावला न्हाई. पुरणाची दिंडं बी उकडलेली."

"अरे, हे रबर आहे!"

"सर म्हणले, नावातच सर्प हाय. उद्या आल्या आल्या कापतो की."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगितलंत?"

पट्टा अजून माझ्या गळ्यात होता. मी म्हणालो, "शब्द कुठून आला एवढं सांगितलं. कापू नका असं नाही म्हणालो."

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. एखादा विनोद जोडला असता तर कदाचित साहेब हसले असते, प्रकरण मिटलं असतं. मला विनोद सुचतात, त्यावरच जगतो मी. तेव्हा सुचला नाही. संध्याकाळी त्याचं नाव यादीतून गेलं. मला वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहिली. दात काढल्यावर बधिर गालाला हात लावावा, तसं झालं. गाल कुणाचा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. अकराच्या अकरा पट्टे कापले, तुकडे पेटीत टाकले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सर, एक विचारू? नागपंचमीला वाम कापलेला चालतो का? त्यो बी छोटा सापच म्हणला होता तुमी."

त्याचा चेहरा सरळ होता.  विचारून तो हात धुवायला गेला.

दहा वाजता माझा वर्ग होता. मी पट्टा गळ्यात घातला.