डोणगावच्या पुढची एक शाळा

मेहकरहून डोणगावकडे एस.टी. निघाली तेव्हा माझ्या मांडीवर पुण्याहून आणलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. मजकूर माझाच: ‘अप्रशिक्षित शिक्षकाच्या हाती देशाचं भविष्य देऊ नका!’ राज्य नवं, जिल्हा परिषदा नव्या, आणि माझा आवाज त्यांच्याहून चढा. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापसाची वेचणी चालली होती.

डोणगावला उतरून प्रचारसभेसाठी पुढच्या एका गावाकडे दमणीने (बसायच्या हलक्या बैलगाडीने) निघालो. नदीच्या उतारावर चाक रुतलं. खाली उतरून ढकलताना एक चप्पल चिखलात गेली, ती गेलीच. गावात शिरलो तो एका पायाने अनवाणी.

शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरत होती. शिक्षिका एकच, सुमनबाई. सातवीची फायनल परीक्षा पास झालेल्या, पण प्रशिक्षण नाही. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा हुकूम नुकताच आला होता. गेल्या नाहीत तर नोकरी कायम होणार नव्हती. गेल्या तर शाळेला कुलूप, कारण बदली शिक्षक मिळणार नव्हता.

संध्याकाळी ओसरीवर गाव जमलं. मी उभा राहून प्रशिक्षणाचं महत्त्व सांगू लागलो.

“बसा हो पुणेकर,” गुलाबराव पाटील म्हणाले. “पह्यले दुसरी चप्पल पाहा, मंग देश पाहा.”

सगळे हसले. मीही बसलो.

पाटील बाईंकडे वळले. “बाई, जाता काऊन? आमच्या पोरायले कोन शिकवीन?”

“नाही गेले तं उद्या मले कोनीही घरी धाडीन, पाटील. अन् शिकवताना मलेच अडते, ते कोनाले सांगू? पेरणीले एक बैल कमी पडला तं तुम्ही सावड करता. शाळेले काऊन नाही?”

सावड म्हणजे आज माझा बैल तुझ्या शेतात, उद्या तुझा माझ्या. नदीपलीकडच्या गावचे वानखडे गुरुजी सभेला आले होते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर गेल्या.

“म्हंजे मी बैल का?” गुरुजींनी विचारलं.

“हाव ना! वैरण आमची,” पाटील म्हणाले.

“वैरण नको, चहा पाजा. सकाळची शाळा इथं, दुपारची तिथं. पन बाई, सावड फेडा लागते. तुम्ही वापस आल्या का मी लेकीच्या लग्नाले रजा घेईन.”

“घ्या गुरुजी. दोन्ही शाळा मी पाहीन.”

रात्री पाटलांकडे पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचं झणझणीत कालवण) आणि भाकर होती. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी दोनदा मागून घेतलं.

सकाळी परत निघालो तेव्हा त्याच दमणीत सुमनबाई ट्रंक घेऊन बसल्या होत्या. पाटलांनी दिलेल्या जुन्या वहाणा मला सैल होत होत्या. नदीवर समोरून वानखडे गुरुजी येत होते. धोतर गुडघ्यावर, छत्री बगलेत. मधल्या पाण्यातूनच त्यांनी हात केला.

“जा बाई, बेफिकीर जा!”

बाईंनी मान वळवून डोळे पुसले.

पत्रकातला शब्दही मी मागे घेत नाही. शिक्षक प्रशिक्षितच हवा. पण तो शिकायला गेला की त्याचा वर्ग कोण घेणार, हे पत्रकात नव्हतं, हुकमातही नव्हतं. ते ओझं गावाने आणि एका उतारवयाच्या गुरुजींनी उचललं. हे कौतुक करून सोडून द्यायचं काम नाही. सावड फेडावी लागते, आणि आता पाळी सरकारची आहे.