सोडू का अंगठा?

टेंभुर्णीच्या चौकात मुंबईची गाडी येऊन थांबली, तेव्हा अक्का माझ्या बॅगेत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. मागं अण्णांचं टायरचं दुकान, दुकानापुढं डोळे पुसणारी आई आणि मी, कॅनडाला निघालेला इंजिनिअर. वळसंगला दिलेली अक्का मला सोडायला मुद्दाम माहेरी आली होती, पण तिला रडायला सवड नव्हती. शर्टांच्या घडीत दडवलेला व्हिडिओ गेम तिनं बरोबर हुडकून बाहेर काढला.

"ह्यो हितंच ऱ्हाणार," ती म्हणाली. "ह्यो बी नेलास तर परत येशील कशाला?"

मी बसमध्ये रडलो. गेम गेला म्हणून रडला, असं अक्का अजून पाव्हण्यांना सांगते. मी नाही म्हणत नाही. दुसरं कारण सांगण्यापेक्षा हे सोपं पडतं.

तो गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. त्यात वरून कॅसेट खोचायची, की एक बुटका गडी उजवीकडं पळायला लागायचा. खड्डे, काटे, उडती कासवं, सगळं ओलांडत त्यानं शेवटच्या किल्ल्यापर्यंत जायचं. आमच्या डब्याची खाच ढिली होती. कॅसेटचा डावा कोपरा कुणीतरी अंगठ्यानं दाबून धरला तरच चित्र टिकायचं. म्हणून आमच्याकडं एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं अंगठा धरायचा. गडी मेला की अदलाबदल. अक्का मोठी आणि वस्ताद. मी नेमका किल्ल्याच्या दारात पोचलो की ती हळूच विचारायची, "सोडू का अंगठा?" त्या एका धमकीवर मी तिच्या वाट्याचं पाणी भरलं, दळण आणलं, एकदा तर तिच्याऐवजी आत्याच्या पाया पडून आलो. आई म्हणायची, "खेळतंय एक आन् घाम दोघास्नी."

पुढं आई गेली, अण्णा गेले, दुकानाच्या जागी मोबाइलचं शोरूम आलं. वळसंगला एका वळवात वीज पडली आणि अक्काच्या टीव्हीबरोबर तिनं सासरी नेलेला तो डबाही जळाला. मी इकडं मॉर्टगेजचे हप्ते, बर्फ उपसायचं शॉव्हेल आणि गुडघेदुखी यांत मुरलो. अक्काचा आणि माझा फोन रविवारी व्हायचा. जेवलास का, थंडी हाय का, मुलं बरी हायत का. मग दोघंही गप्प, आणि नेटवर्क चांगलं असूनही कुणीतरी म्हणायचं, आवाज कट होतोय.

गेल्या वर्षी माझ्या टीनएजर लेकीनं मला वाढदिवसाला एक नवा गेम दिला. नवा, पण मुद्दाम जुन्यासारखा केलेला. तसंच ठोकळ्या-ठोकळ्यांचं चित्र, तसंच टुणटुण संगीत. जुन्या गेमांची सर याला आहे की नाही, यावर ऑनलाइन माणसं हमरीतुमरीवर आलेली. मी बेसमेंटमध्ये बसून तो अख्खा संपवला. उडी जुनी, खड्डे जुने, रंग तर जुन्यापेक्षा देखणे. तरी काहीतरी राहून जात होतं. आता दोनच शक्यता होत्या: एक तर गेममध्ये खोट होती, नाही तर माझ्यात काही उरलं नव्हतं. दुसरी खरी निघाली, तर टेंभुर्णीचं माझ्यापाशी होतं तेवढंही संपलं. निकाल देऊ शकेल असं जगात एकच माणूस होतं.

म्हणून या हिवाळ्यात वळसंगला जाताना मी तो गेम मशीनसकट बरोबर घेतला. बॅग उघडताना मात्र एकच विचार होता. अक्कानं नुसतं "छान हाय" म्हणून स्वयंपाकाला उठायचं ठरवलं असतं, तर मी काय करणार होतो?

मी मशीन टीव्हीला जोडलं, तसे दाजी खाटेवरून म्हणाले, "पाव्हणं, क्यानडात हेच करता व्हय?"

अक्कानं पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि रिमोट हातात घेतला. पहिल्या तीन उड्या मारल्या. मग म्हणाली, "उडी बराबर हाय. पाय टेकल्यावर जरा घसरतंय, तसंच हाय. संगीत लई गोड केलंय." एवढ्यात गडी खड्ड्यात पडला आणि क्षणात तिथंच उभा राहिला. अक्का दचकली.

"आरं, मेलं न्हाय व्हय?"

"मेलं की. पण यात मेलं तरी तिथंच उठतं, अक्का. कितीही वेळा."

"मग तुझी पाळी कवा येणार?"

बेसमेंटमध्ये इतके दिवस डोकं खाजवून मला जे सापडलं नव्हतं, ते तिनं पहिल्याच खड्ड्यात काढून हातावर ठेवलं. जुना गेम चांगला होता, तो कठीण होता म्हणून नव्हे. त्यात एकजण मेला की दुसऱ्याचं नशीब उघडायचं.

"पडलं की रिमोट दुसऱ्याला," अक्कानं कायदा केला. "घे."

मी खेळू लागलो. अक्का टीव्हीपाशी सरकून बसली. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, तर तिचा अंगठा त्या नव्या मशीनच्या डाव्या कोपऱ्यावर घट्ट दाबलेला. तिथं ना कॅसेट, ना खाच. मी किल्ल्याच्या दारात पोचलो, शेवटची उडी उरली होती.

"सोडू का अंगठा?"

"अक्का, नको. हात जोडतो."

तिनं सोडला. पडद्यावर काहीसुद्धा झालं नाही, चित्र हललंही नाही. पण माझा हात असा दचकला की गडी थेट खड्ड्यात. दाजी खाटेवर उठून बसले. अक्का इतकी हसली की चष्मा मांडीत पडला. "गेम चांगला हाय की रं," ती डोळे पुसत म्हणाली. मी पण हसत होतो, आणि मणभर ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. गेम ठीक होता. मीही ठीक होतो.

निघताना तिला बॅगेत हात घालावा लागला नाही. मी गेम काढलाच होता, टीव्हीखाली तसाच ठेवून आलो.

आता रविवारी फोन लवकर संपत नाही. गावाकडच्यांनो, इकडं आलेल्यांनो, तुमचं घर कुठं असेल ते तुम्ही बघा. माझं मला परवा कळलं. बाहेर बर्फ, हातात शॉव्हेल, फोन वाजला, आणि अक्का रामराम न करताच म्हणाली, "किल्ल्यापाशी पडलीया. आता पुढं खेळत न्हाय मी, पाळी तुझी हाय. कवा येतूस?"