धाकटीवर आलेला आळ

माझी वहिनी डावखुरी आहे आणि तिला त्याचा भारी अभिमान आहे. घरातली कात्री तिनं वापरून वापरून अशी करून ठेवलीय, की आमच्यापैकी कुणी हातात घेतली तर ती कापड कापत नाही, नुसतं चावते. मी स्वभावानं फटकळ, मी बोलून दाखवते. ती हसून म्हणते, "वन्सं, कात्री बरोबर आहे. तुमचा हात चुकलाय."

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला. बाहेरून बघाल तर बिस्किटांचा कारखाना वाटेल, पण आत ससे, फ्रीझर आणि काचेची भांडी. संशोधकांना लागणाऱ्या अँटीबॉडी इथं तयार होतात. वहिनी त्या तपासते आणि मी त्या बोटभर नळ्यांतून बर्फात घालून जगभर पाठवते. घरी गेल्यावर तिचं काम जास्त महत्त्वाचं की माझं, यावर आमची जुंपते.

वहिनीचा जीव मात्र एकाच अँटीबॉडीत. माणसाच्या पेशीत डीएनएचा धागा सारखा कुठे ना कुठे तुटत असतो आणि तो रफू करणारी प्रथिनं असतात. त्यातलं एक प्रथिन हजारोंच्या गर्दीत ओळखायचं, त्यालाच चिकटायचं आणि बाकी कुणाकडे ढुंकूनही बघायचं नाही, एवढंच या अँटीबॉडीचं काम. ती मिळते सशिणीच्या रक्तातून. पहिली सशीण थोरली. ती म्हातारी होऊन गेली आणि तिचा साठा तळाला आला, तेव्हा आली धाकटी. नावं अर्थातच वहिनीनं ठेवलेली.

तपासणी विभागाच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, यांनी स्पष्ट बजावलं होतं, धाकटीची अँटीबॉडी परीक्षेत पास झाली तर ठीक, नाहीतर हा माल कायमचा बंद. तेव्हापासून वहिनीला अन्न गोड लागेना.

परीक्षा तशी सोपी. पापुद्र्यासारखा पांढरा, पातळ चौकोन असतो. त्याच्या एका बाजूला ज्यांत ते प्रथिन आहे अशा पेशींचा अर्क, दुसऱ्या बाजूला ज्यांतून ते मुद्दाम काढून टाकलंय अशा पेशींचा, आणि मधोमध मापाच्या खुणा. अँटीबॉडी लावली की पहिल्या बाजूला काळी रेघ उमटली पाहिजे, दुसरी बाजू कोरी राहिली पाहिजे. पापुद्रा दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून उलटसुलट कळायला आधीच त्याचा एक कोपरा कातरून ठेवतात.

त्या दिवशी वहिनीनं सगळं मांडलं, पापुद्रा अँटीबॉडीत भिजत ठेवला आणि तेवढ्यात घरून फोन आला. बाबा न्हाणीघरात अडकले होते. आमच्या न्हाणीघराची कडी बाहेरून खांदा लावून उचलल्याशिवाय सुटत नाही आणि ती कला फक्त वहिनीला येते. ती धावली. पुढचं काम नव्या मुलीकडे गेलं. ही मुलगी हुशार, नीटनेटकी, आणि चष्मा एवढा मोठा की सगळे तिला चष्मेवालीच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी फोटो बघून मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. जिथं प्रथिन आहे ती बाजू कोरी आणि जिथं नाही तिथं ठसठशीत रेघ! नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही, असली अँटीबॉडी कोण घेणार? मला निरोप आला, धाकटीच्या सगळ्या नळ्या काढून नष्ट करायला द्या.

वहिनी फोटोकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना. मग ती म्हणाली, "फोटो नको. मला पापुद्रा दाखव."

चष्मेवालीनं तो बशीतून आणला. वहिनीनं कातरलेला कोपरा बघितला आणि विचारलं, "हा तू उलटा केलास का गं?"

"हो ताई. कोपरा डावीकडे आला होता. म्हटलं, घाईत तुमच्याकडून पालथा पडला असेल, म्हणून मी सुलटा केला."

वहिनीनं कपाळावर हात मारला. इथं सगळे उजवा कोपरा कातरतात. हिची कात्री डाव्या हातात, त्यामुळे ही इतकी वर्षं डावा कातरत आलीय. आपला पापुद्रा ती स्वतःच शेवटपर्यंत बघायची, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बिचाऱ्या मुलीनं सुलटा पापुद्रा काळजीपूर्वक पालथा घातला होता!

मोठ्या बाई मात्र बधल्या नाहीत. "नापास झाल्यावर असं कुणीही म्हणेल. आणि घाईत पेशींचीच अदलाबदल झाली नसेल कशावरून?"

खरं सांगायचं तर वहिनीलाही खात्री नव्हती. बाबा आत हाका मारतायत म्हटल्यावर कुणाचे हात जाग्यावर राहतात? ती चष्मेवालीला म्हणाली, "तू कर सगळं पहिल्यापासून. तुझ्या हातानं, तुझा कोपरा. मी शिवणारसुद्धा नाही."

त्या परीक्षेच्या वेळी मीही काहीतरी निमित्त काढून दारात जाऊन उभी राहिले. वहिनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. फोटो काढणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आधी काहीच दिसेना. मग हळूहळू, बरोबर जिथं हवी तिथं, रेघ उमटू लागली, आणि दुसरी बाजू कोरीच राहिली.

"सुटली गं बाई धाकटी!" वहिनी ओरडली आणि चष्मेवालीला अशी मिठी मारली की चष्मा तिच्या केसांत अडकला. मोठ्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "अभिनंदन. आणि उद्यापासून तुम्ही उजवा कोपरा कातरायचा."

वहिनी गाजर घेऊन सशिणीकडे गेली. "माफ कर हं, दोष माझ्या कात्रीचा होता," असं तिला सांगून आली. धाकटीनं आधी गाजर संपवलं.

मग अचानक वहिनीला नळ्या आठवल्या. ती पांढरीफटक होऊन माझ्या खोलीत आली. "वन्सं, त्या नळ्या... टाकायला दिल्या असतील ना तुम्ही?"

मी फ्रीझर उघडला. सगळ्या नळ्या जिथल्या तिथं होत्या. एक तिनं उचलून मुठीत घट्ट धरली.

"ठेव आधी! गरम होईल," मी खेकसले. तिनं निमूट परत ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"का नाही टाकल्यात?"

"कामाच्या रगाड्यात राहून गेलं."

तिनं माझ्या टेबलाकडे बघितलं. टेबल लख्ख रिकामं होतं.