लिंक तुटलेला फोटो

आज कपाट आवरताना जुना पेन ड्राइव्ह सापडला. त्यातली दिवाळीच्या शुभेच्छापत्राची फाइल उघडली, तर सॉफ्टवेअर म्हणालं, जोडलेला फोटो सापडत नाही.

तेव्हा मी घाटकोपरला एका छपाईच्या दुकानात डिझायनिंग करायचे. हे शुभेच्छापत्र करत होते त्या दुपारी मी घरी विसरलेला डबा घेऊन आई आली. माझ्या शेजारी बसणाऱ्या सुजाताने तिचा हसतानाचा फोटो काढला आणि मी तो गंमत म्हणून शुभेच्छापत्रात लावला. आई पदराला हात पुसत स्क्रीनशी वाकली. टोनरच्या वासात तिच्या हातांचा कोकमाचा वास मिसळला.

"माझो फोटो कित्याक गो? थंय पणती घाल."

"राहू दे ना काकू," सुजाता म्हणाली. मग मला म्हणाली, "फाइलमध्येच एम्बेड कर गं, नुसता लिंक नको करूस. मूळ फोटो हलला की वाट लागेल."

"फाइल जड होते यार, मशीन हँग होतं," असं म्हणून मी लिंकच ठेवली. स्वतःच्या शहाणपणाचं तेव्हा भारी कौतुक होतं मला.

छापताना फोटोच्या जागी पणतीच गेली; फोटोची ही फाइल मात्र माझ्या पेन ड्राइव्हमध्ये राहिली. पुढे दुकान बंद झालं आणि मूळ फोटो ज्यात होता तो कॉम्प्युटर भंगारात गेला. आईला जाऊनही आता चार वर्षं झाली.

फाइलमध्ये त्या फोटोची फक्त धूसर झलक उरली आहे. झूम केलं की आईचे नुसते चौकोन होतात. म्हणून मी खुर्ची मागे सरकवत गेले. पाठ भिंतीला टेकली, तेव्हा ती हसताना दिसली.